बर्फाची जाडी

"जानेवारीत सतरा इंच होता," एकनाथ काका म्हणाले. "काल सहा भरला."

"काय सहा भरला, काका?"

"बर्फ. घरामागच्या तळ्यावरचा. ते मासे धरणारे लोक भोकं पाडून ठेवतात ना, त्यात काठी घालून पाहतो मी. रोज मोजून राहिलो. बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात दुसरं काय केलं?"

नेत्रा हसली. ईडन प्रेरीच्या लायब्ररीतली ती लहानशी खोली तिनं दुपारी दोनपासून दीड तासासाठी घेतली होती. टेबलावर रेकॉर्डर चालू होता आणि तिच्या यादीतला नववा प्रश्न चालला होता, दिवसभराचा वेळ कसा जातो. काका आधीच्या आठांवर मोकळेपणानं बोलले होते. नागपूरबद्दल, दोन वर्षांपूर्वी गेलेल्या पत्नी रत्नाबद्दल, मुलगा श्रीरंगनं दहा दिवसांत सगळं आवरून इकडे अमेरिकेत आणल्याबद्दल.

"चार इंचांच्या खाली गेला की माणसानं त्यावर चालू नये म्हणतात," काका म्हणाले. "तशी पाटीच लावलीय तिथं."

"मग आता बंद करा तुमचं फिरणं."

काकांनी खिडकीतून बाहेर बघितलं. मार्चचा दुसरा आठवडा होता आणि पार्किंगच्या कडेला लोटलेला बर्फ काळा पडून पाझरत होता.

"नाही," ते म्हणाले. "मी तीन इंचाची वाट पाहून राहिलो."

नेत्राचं पेन थांबलं. 

ती मुळातच भित्री होती. सरकारी पाकीट टपालात दिसलं की ते नवरा घरी येईपर्यंत ती उघडत नसे. सकाळी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी मिनिआपोलिसच्या कॉलेजात पदव्युत्तर मानसशास्त्र शिकायची, अर्धवेळ. तीन वर्षं झाली होती. पदवी पूर्ण करायची तर जिवंत माणसांना भेटून प्रबंध लिहावा लागायचा. त्रेचाळिसाव्या वर्षी ते धाडस तिनं कसं केलं हे तिलाच कळलं नव्हतं. विषय घेतला होता उतारवयात मुलांकडे राहायला आलेल्या मराठी माणसांचा. आणि आता त्यातलाच एक माणूस समोर बसून, हवामान सांगावं तसं, हे सांगत होता.

अशा वेळी स्पष्ट विचारायचं, आडून विचारायचं नाही, हे तिला शिकवलं होतं. विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरत नाही हेही पाठ होतं. वर्गात तिनं तो प्रश्न चार वेळा इंग्रजीत विचारला होता, समोर बसलेल्या धडधाकट सहाध्याय्याला. मराठीत तो कधीच उच्चारला नव्हता. आत्महत्या हा वर्तमानपत्रातला शब्द वडिलांच्या वयाच्या माणसाला कसा लावायचा?

"काका," तिचा आवाज तिलाच बारीक ऐकू आला, "तुम्ही जीव द्यायचा विचार करताय का?"

काकांनी खुर्ची जरा मागे सरकवली. मग म्हणाले, "श्रीरंग चांगला आहे. सून चांगली आहे. नात हाय म्हणते. साडेसातला दार लागतं ते संध्याकाळी सहाला उघडतं. तक्रार कोणाची करायची?"

"मी ते नाही विचारलं."

"कळलं मला, तू काय विचारलं ते." त्यांनी हातमोजे काढून टेबलावर एकावर एक ठेवले. "हो. करतो. पण श्रीरंगला सांगायचं नाही. त्याला कमीपणा येईल."

"काका, तुम्ही सही केली ना त्या कागदावर, जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल..."

"तो कागद मी वाचला नव्हता," काका म्हणाले. "मराठीत बोलायला मिळेल म्हणून सही केली."

पुढची गोष्ट तिनं नंतर सर्वांना पुनःपुन्हा सांगितली, आणि प्रत्येक वेळी तिथंच अडखळली. नियम असा होता की मार्गदर्शक बाईंना, डॉ. मार्थांना, लगेच फोन करायचा आणि माणसाला एकटं सोडायचं नाही. पण काकांच्या समोर, त्यांच्याचबद्दल, इंग्रजीत बोलणं तिला बरं वाटेना. ती दाराबाहेर आली आणि खोलीकडे पाठ करून उभी राहिली. डॉ. मार्था फोन उचलेनात. तिनं निरोप ठेवला. सगळं मिळून दीड मिनिट.

वळून बघते तर खुर्ची रिकामी. हातमोजे टेबलावर तसेच.

पुरुषांच्या स्वच्छतागृहाबाहेर तिनं हाका मारल्या. वर्तमानपत्रांच्या मांडणीपाशी पाहिलं, पार्किंगमध्ये पाहिलं. त्यात दहा मिनिटं गेली. गाडीत बसून तिनं श्रीरंगला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. मग यतीनला लावला.

"नाइन वन वन नको करू लगेच," तिचा नवरा दबक्या आवाजात म्हणाला. श्रीरंग त्याचा मॅनेजर होता आणि त्यानंच यतीनला त्या कंपनीत आणलं होतं. "आधी श्रीरंगला पकड. पुढच्या आठवड्यात लेऑफची लिस्ट येतेय, नेत्रा. नोकरी गेली तर व्हिसाच्या नियमानं साठ दिवसांत गाशा गुंडाळावा लागेल आपल्याला. घरीच गेले असतील ते, बघ तरी."

"आणि नसले तर?"

तिनं फोन ठेवला आणि गाडी सुरू केली.

श्रीरंगचं घर लायब्ररीच्या मागच्याच रस्त्यावर होतं. दाराची घंटा तिनं तीनदा वाजवली. मग घराला वळसा घालून मागे गेली. ओल्या बर्फात काकांच्या बुटांचे ठसे होते, अगदी सरळ रेषेत, कुठंही न रेंगाळता काठापर्यंत गेलेले. तिथून पुढे पांढरं, राखाडी, मधूनमधून पाणी चमकणारं तळं. आणि काठापासून साठ-सत्तर पावलांवर काका, पाठमोरे. हात उघडे.

तिनं आणीबाणीचा नाइन वन वन लावला. पत्ता सांगताना जीभ इतकी अडखळत होती की पलीकडच्या बाईनं तिला तीनदा विचारलं. बाई म्हणाली, बर्फावर पाऊल टाकू नका, काठावरच थांबा, त्यांच्याशी बोलत राहा.

"काका!"

त्यांनी वळून पाहिलं. बर्फाखाली कुठंतरी लांबवर एक कण्हल्यासारखा आवाज झाला आणि तळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. 

बोलत राहा. पण काय बोलायचं? वहीभर वाक्यं होती तिच्याकडे. तुमचं दुःख मला समजतं. आपण मिळून मार्ग काढू. इंग्रजीतून आणलेलं त्यातलं एकही वाक्य त्या थंडीत तोंडातून बाहेर पडेना. तिला फक्त दिसत होतं की आता तो बर्फ फुटणार, आपल्या डोळ्यांदेखत फुटणार, आणि आपण इथं उभ्या असणार.

"काका, मला भीती वाटतेय," ती म्हणाली. मग ओरडून म्हणाली, "मला फार भीती वाटतेय, काका. मला एकटीला इथं उभं राहवत नाही."

काका तिच्याकडे बघत राहिले.

तिचं एक पाऊल काठावरून पुढे पडलं. ते तिनं टाकलं की पडलं, हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही. बूट घोट्यापर्यंत पाण्यात गेला.

"थांब," काका म्हणाले. खात्यातल्या माणसांना हुकूम सोडावा तसा आवाज. "तिथं काठाला पातळ असतो. मागे हो. मागे हो म्हणतो ना."

"मग तुम्ही या."

"येतो. घाबरू नको. येऊन राहिलो मी."

आणि ते आले. एकेक पाऊल आधी हलकं टेकून, मग त्यावर भार देत, आपल्याच ठशांवरून. शेवटच्या दोन पावलांना बर्फ खचला आणि ते मांडीपर्यंत पाण्यात उतरले. नेत्रानं त्यांचे उघडे हात धरून ओढलं. ते हात लाकडासारखे झाले होते. लाल गाडी आणि पिवळ्या कपड्यांतली माणसं आली तेव्हा दोघं काठावर बसली होती, आणि काका तिलाच विचारत होते, "पाय ओला झाला का तुझा?"

श्रीरंग हॉस्पिटलात पोचला तो गळ्यातला ऑफिसचा बिल्ला तसाच घेऊन.

"तू काय विचारलंस माझ्या बाबांना?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "दोन वर्षं माझ्याकडे आहेत ते. असलं काही कधी नव्हतं. तू तुझा तो रेकॉर्डर घेऊन बसलीस आणि एका दुपारीत हे."

नेत्रा म्हणू शकली असती की विचारल्यानं तसं होत नाही. तिला ते संदर्भांसकट पाठ होतं. पण त्या क्षणी तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास राहिला नव्हता.

काकांना सहा दिवस हॉस्पिटलात ठेवलं. त्या सहा दिवसांत नेत्राला जेवण गेलं नाही. कॉलेजातून पत्र येईल, श्रीरंग दावा लावेल, यतीनची नोकरी जाईल. टपालाची गाडी थांबली की ती हातातलं काम टाकून खिडकीशी जायची. कॉलेजनं तिला चौकशी समितीपुढे बोलावलं. डॉ. मार्था शेजारी बसल्या होत्या. समितीनं त्या दीड मिनिटाबद्दल तीनदा विचारलं आणि ती चूक लिहून घेतली. मग एकानं विचारलं, की तळ्याकाठी तुम्ही त्यांना नेमकं काय म्हणालात?

"मला भीती वाटतेय, असं म्हणाले."

समितीतल्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. हेही लिहून घेतलं गेलं. ताकीद देऊन तिला पुढे काम करू दिलं.

लेऑफच्या यादीत यतीनचं नाव आलं नाही. श्रीरंगनं कसलाही सूड उगवला नाही, त्यानं फक्त यतीनशी बोलणं थांबवलं. जेवणाच्या सुट्टीत यतीन एकटा बसायला लागला. घरी येऊन तो त्याबद्दल काही बोलत नसे आणि तेच नेत्राला जड जायचं. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात, शाळेच्या हॉलमध्ये, एका ओळखीच्या बाईनं तिला कोपऱ्यात घेतलं. "माझ्या सासूबाईंशी बोलली होतीस ना तू? त्या काही म्हणाल्या नाहीत ना, म्हणजे तसलं काही?" नेत्रानं मान हलवली. तसलं काही नव्हतं. पण त्या बाईनं नंतर तिच्याशी बोलताना सासूबाईंना जवळ येऊ दिलं नाही.

मेमध्ये काकांचा फोन आला.

"येत्या शनिवारी जाऊन राहिलो. अमरावतीला, बहिणीकडे. एकदा येऊन जा."

दार नीनानं, त्यांच्या सुनेनं उघडलं. हसली नाही, पण आत घेतलं आणि न विचारता चहा टाकला. काका डायनिंग टेबलाशी बसले होते. वाळले होते. समोरच्या खिडकीतून तळं दिसत होतं, निळं, त्यात बदकं.

"ते तुझं रेकॉर्डिंग पुसून टाक," काका म्हणाले. "त्यात मी रत्नाबद्दल बोललो आहे. ते कोणी ऐकू नये."

"पुसते. माघार घेतल्याची एक सही लागेल."

या वेळी काकांनी चष्मा लावून कागद वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, बोट फिरवत. सही केली.

"त्या दिवशी मी परत आलो," ते कागद सरकवत म्हणाले, "ते काही जगायचं म्हणून नाही. मला वाटलं ही पोरगी आत येते आणि बुडते. पोहता येतं का तुला?"

"नाही."

"तेच."

नेत्रानं घसा साफ केला. नीना पाठमोरी उभी होती. पुन्हा विचारायचं म्हणजे पुन्हा तेच सगळं, आणि या वेळी त्यांच्याच घरात. 

"काका, तो विचार अजून असतो का?"

ओट्याशी चमच्याचा आवाज थांबला.

"असतो," काका म्हणाले. "रोज नसतो."

नीना तशीच उभी राहिली. मग तिनं चहा गाळला, तीन कप टेबलावर आणून ठेवले आणि सासऱ्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.  चहा फार गोड झाला होता.

त्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी, तिकडे रविवारची सकाळ असताना, नेत्रा अमरावतीला फोन करायची. काका हवा सांगायचे, गुडघे सांगायचे, श्रीरंगचा फोन आला होता का ते सांगायचे. डिसेंबरात तिची तोंडी परीक्षा होती, त्याच्या आदल्या शनिवारी फोन त्यांच्या बहिणीनं उचलला.

"तो कुठे घरी आहे? कालव्याला पाणी सोडलं ना, ते पाहाले गेला पहाटेच."

नेत्रा फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिली.  तासाभरानं काकांचा उलटा फोन आला.

"किती पाणी होतं, काका?"

"गुडघाभर," ते म्हणाले आणि हसले. ती हसली नाही.

सोमवारी परीक्षेला तिघं होते. त्यांनी प्रबंध चांगला आहे म्हटलं, दोन ठिकाणी आकडे तपासायला सांगितले. मग बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, पांढऱ्या केसांच्या एका बाईंनी, पानं मागे चाळली.

"प्रस्तावात बारा मुलाखती लिहिल्या होत्या. इथं अकराच दिसतात."

"एकांनी माघार घेतली."

"कारण?"

"कारण द्यावं लागत नाही," नेत्रा म्हणाली.

बाईंनी मान डोलावली, समासात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं. नेत्रानं आपले हात टेबलाखाली घेतले.