काचेपलीकडची ऊब

काचेसमोर एवढी गर्दी झाली होती की आयाला बादली घेऊन पुढे जाता येईना. आत एमआरआयच्या बोगद्यात माझी लेक झोपली होती. तिच्या मांडीतली गाठ ध्वनिलहरींनी तापवून जाळायची होती. लहरी अजून सुरूही झाल्या नव्हत्या, आणि तंत्रज्ञाच्या तापमान दाखवणाऱ्या पडद्यावर मांडी लालभडक झाली.

काचेला तळवा लावून ऊबमहाराज उभे होते. "शिरली," ते डोळे मिटून म्हणाले. "यंत्राच्या आधी आमची ऊब शिरली. आता गाठीचं लोणी होणार."

बायांनी हात जोडले. आत डॉक्टरीणबाईंनी काम थांबवले.

जावई माझ्याकडे आले. "बाबा, तिला घेऊन जातो. उरलेली गाठ महाराज त्यांच्या मठात काढतील."

"जावईबापू, एवढी ऊब आहे तर महाराज स्वेटर का घालतात?"

"तुम्हाला थट्टाच सुचते. लाल झालेलं डोळ्यांनी पाहिलंत की नाही?"

पाहिले होते, आणि तेच मला टोचत होते. गाठ मोठ्या रक्तवाहिनीच्या दिशेने वाढत होती. आणखी उशीर झाला तर पाय वाचेल याची खात्री नाही, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते.

लेकीला चाकाच्या खुर्चीवर बाहेर आणले. नात तिच्या गुडघ्याला बिलगली. नवल दिसले की त्याच वेळी आणखी काय घडले ते शोधावे, हे मी नातीला लहानपणापासून सांगत आलो आहे. तिने तेच विचारले.

"आई, लाल झालं तेव्हा तू काय करत होतीस?"

"काही नाही गं. महाराज सकाळी भेटले होते. म्हणाले, यंत्राची ठकठक लयीत आली की समज, मी आलो. मग मांडी अर्धं बोट बाजूला घे, उबेला आत यायला वाट लागते. तेवढी घेतली."

डॉक्टरीणबाई दारातच थबकल्या. "आणि मी विचारलं तेव्हा पाय अवघडला म्हणालात."

लेकीने मान खाली घातली.

"मला अर्धा तास द्या," बाई जावयांना म्हणाल्या. "मग खुशाल न्या."

यंत्र तपासायला तिथे जेलीचा एक मोठा ठोकळा असतो. तंत्रज्ञाने तो यंत्रात ठेवला, त्यात काचेच्या बारीक धाग्याचा तापमापक खुपसला आणि ठोकळ्याखालच्या कापडी पट्टीचे टोक भिंतीतल्या नळीतून काचेच्या अलीकडे आणले. तापमापकाचा आकडा पडद्याशेजारी दिसू लागला.

"महाराज, तापवा."

महाराजांनी तळवा टेकवला. ठकठक चालू झाली. पडदा निळाच राहिला.

"जेलीत जीव नाही," महाराज म्हणाले. "श्रद्धा कुठून येणार?"

"मी पट्टी ओढू?" नातीने विचारले.

बाईंनी होकारार्थी मान हलवली. तिने हळूच ओढली. ठोकळा जरासा सरकला आणि पडदा लाल झाला.

"बघा," महाराज लगबगीने म्हणाले, "पोचली."

"पण आकडा तोच आहे," नात म्हणाली. "जेली गारच आहे."

कोणीतरी फिसकन हसले. जावई हसले नाहीत.

मी वर्गात पोरांना समजावतो तसे जावयांना समजावले. हे यंत्र तापमान थेट मोजत नाही. ते आधी थंड मांडीचे चित्र घेते, मग पुन्हा पुन्हा नवी चित्रे घेऊन पहिल्याशी ताडून पाहते. मांस तापले की त्यातल्या पाण्याकडून येणारा चुंबकी संदेश किंचित बदलतो. तो फरक पडद्यावर लाल दिसतो. पण मांडी सरकली, तरी चित्रे जुळत नाहीत. तोही फरकच, आणि त्याचाही रंग लालच.

"लहरी चालू असताना त्या हलल्या असत्या," बाई म्हणाल्या, "तर गाठ राहिली असती आणि शेजारची नस भाजली असती. पडदाही खोटं बोलला असता."

जावई भिंतीला टेकले. "मीच तिला सांगितलं होतं, महाराज म्हणतील तसं कर."

लेकीला पुन्हा आत नेले. या वेळी मांडी पट्ट्यांनी बांधली आणि ती स्वतःही हलली नाही. पडद्यावर एक लाल ठिपका उमटला आणि हळूहळू गाठीएवढा झाला. नात काचेला नाक लावून उभी होती. "आजोबा, हा खरा?"

"हो. या वेळी ती हलली नाही, म्हणून खरा."

मागे वळून पाहिले तर महाराज जिना उतरत होते. त्यांच्या पाठोपाठ एक बाई आजारी नवऱ्याचा दंड धरून चालली होती. आमच्याबरोबर तीही काचेशीच उभी होती. तिनेही आकडा पाहिला होता. मी हाक मारली.

"तुमची मुलगी आत गेली," ती न थांबता म्हणाली. "आमचा नंबर पुढच्या महिन्यात आहे."

ती जिना उतरून गेली. तुम्हाला मात्र एवढेच सांगतो: पडदा लाल झाला की हात जोडण्याआधी विचारा, कोण हलले? आणि रांगेत कोणी एकटे बसलेले दिसले, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. नाहीतर तिथे महाराज येऊन बसतात.