आबांचं चित्र

“दादा, ह्यात आबा कुठंयत?” भीमानं चित्राकडे वाकून बघितलं, मग मागे सरकून बघितलं. “तोंडाचा पत्ताच न्हाय!”

नागेशनं चित्र भिंतीला नीट टेकवलं. उद्या आबांचं वर्षश्राद्ध, सणसरच्या घरात पाहुणे येऊन टेकलेले, आणि थोरल्या लेकानं बारामतीहून आणलं काय, तर पिवळ्या माळावर एक काळा तिरका पट्टा!

तसा नागेश काही ऐरागैरा चित्रकार नव्हे. तरुणपणी माणूस असा काढायचा, की आता बोलेल. पुढे त्याच्या चित्रांतली माणसं रानात विरघळत गेली. आधी नाक-डोळे गेले, मग हातपाय. उरली ती नुसती उभं राहायची ढब. पण इतकी नेमकी, की मुंबईच्या प्रदर्शनात लोक तिथंच खिळून राहत. गावानं मात्र त्याला नाव दिलं ‘पट्टेवाला मास्तर’. घ्या!

आबांचा एकही फोटो नव्हता. पंच्याण्णव साली मतदार ओळखपत्राचे फोटो काढायला माणसं गावात आली, तेव्हा आबा मेंढरं घेऊन कोकणात. म्हणून नागेशनं आठवून आठवून सात वेळा चेहरा काढला. मिशा बरोबर, पागोटं बरोबर, आणि आबा कुठंच नाहीत! सातही पुसले. शेवटी घोंगडं पांघरून माळ उतरायची ही ढब, एवढीच हाताला लागली. भीमाच्या बोलण्याची त्याला फिकीर नव्हती. पण आईलाही आबा दिसले नाहीत, तर वीस वर्षांचं काम मातीत गेलं, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

“आई, तूच बघ गं ह्याचं!” भीमा ओरडला.

भामाबाई चुलीपुढून उठून आल्या. चित्रासमोर थबकल्या आणि झटकन पदर कपाळावर ओढला.

“घोंगडं डाव्या खांद्यावरनं घसरतंय,” त्या हळूच म्हणाल्या. “आसंच चालायचं ते.”

“पर तोंड?” भीमा म्हणाला.

“मी तरी कवा धड बघितलं रं? घरात सासरं, म्हंजी पदर फुडं. वाटंला ते म्होरं मेंढरांत, मी मागनं संसार लादलेल्या घोड्यासंगं. चाळीस वरसं ही पाठच तर बघत चालले.”

 एवढी दाद नागेशला आजवर कुणी दिली नव्हती.

भीमानं टोपलीतला झेंडूचा हार उचलला आणि चौकटीला घालायला गेला. भामाबाईंनी त्याचा हात धरला.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “चालत्या माणसाला कोन हार घालतं?”