आतली कडी

सुताराने पोलादाची पातळ पट्टी दार आणि चौकट यांच्या फटीत सरकवली आणि वरून खाली अगदी हलक्या हाताने ओढत आणली. मोठ्याबाई शेजारीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांच्या देखरेखीवाचून या घरात कधी खिळाही ठोकला गेला नव्हता.

"चौकटीचा कोपरा सांभाळ," त्या म्हणाल्या. "तुझ्या वडिलांनी बसवलेली आहे. त्यांच्या हातचं लाकूड तुझ्या हातून फुटलं, तर त्यांना काय तोंड दाखवशील?"

"ते कधीच गेले, आई," सुतार म्हणाला. घरच्यांसारखा तोही त्यांना आईच म्हणे.

"म्हणूनच सांगते. तिकडे गेलास की पहिलं तेच विचारतील."

सुतार हसला नाही. त्याची पट्टी मध्येच कशाला तरी अडली होती. त्याने ती बाहेर काढली, पुन्हा वरून घातली, आणि ती पुन्हा त्याच जागी अडली. मग त्याने पट्टी पिशवीत ठेवून दिली आणि मुठीचे स्क्रू सैल करायला घेतले.

दार मागच्या खोलीचे होते. जेवणे आटोपल्यावर सून तिथे मोठी पातेली आणि जादाच्या चादरी काढायला गेली होती. रात्री मोठ्याबाईंची लेक सासरच्या सात-आठ माणसांना घेऊन जेवायला येणार होती. सकाळी फोन आला तेव्हा मोठ्याबाईंनी तिथल्या तिथे होकार देऊन टाकला होता. सुनेला विचारून होकार द्यायची पद्धत या घरात नव्हती. सून "बरं" म्हणाली होती. ती नेहमीच "बरं" म्हणे.

बराच वेळ ती खोलीतून आली नाही, तेव्हा नातीने हाक मारली. आतून उत्तर आले, की दार अडकले आहे, उघडत नाही.

मोठ्याबाईंच्या मुलाने आधी खांदा लावून पाहिला आणि खांदा चोळत मागे सरला. मग त्याने पहार आणायची भाषा सुरू केली. मोठ्याबाईंनी त्याच्याकडे नुसते पाहिले आणि पहारेचा विषय संपला. त्यांच्या शब्दाखातर सुतार हातातले काम टाकून आला होता.

दरम्यान घराचे जे व्हायचे ते होऊ लागले होते. मोठ्याबाईंचे यजमान, ज्यांना सगळे नाना म्हणत, आपली दुपारची गोळी कोणती, पांढरी की पिवळी, हे दाराला तोंड लावून विचारून गेले. नातीला इस्त्री सापडत नव्हती. मुलाला वायफायचा पासवर्ड हवा होता. आतून उत्तरे येत होती. पहिली सविस्तर होती, नंतरची आखूड होत गेली. मुलाने दुसऱ्यांदा येऊन चहाची पूड कुठल्या डब्यात असते म्हणून विचारले, तेव्हा आतून एकच शब्द आला.

"शोधा."

त्यानंतर आतून काही आले नाही.

"गंमत बघ," नाना सुताराला म्हणाले. "आत एकटी ती आहे, आणि अडकलोय आम्ही सगळे बाहेर."

मोठ्याबाईंनी त्यांना गोळी घेऊन पडायला पाठवले. त्यांना स्वतःलाही पडायचे होते. सकाळपासून कंबर भरून आली होती. जेवणानंतर त्या घटकाभर आडव्या झाल्या होत्या, पण डोळा लागतो न लागतो तोच कोणीतरी दार ढकलून आत आले. एकाला कपाटाची किल्ली हवी होती. दुसऱ्याला काहीच नको होते, आजी जागी आहे का एवढेच बघायचे होते. ती जागी झाली, तेव्हा समाधान होऊन ते निघून गेले. या घरात न्हाणीघर सोडले तर कोणत्याच खोलीला आतून कडी नव्हती. हा नियम मोठ्याबाईंच्या सासूचा होता आणि सासूच्या पश्चात त्यांनी तो तिच्याहून कडक पाळला होता. कड्या चोरासाठी असतात, घरच्या माणसाला घरच्या माणसापासून दार कशाला लावायचे, असे त्या नव्या माणसाला सांगत. सुनेलाही सांगितले होते, ती या घरात आली त्याच आठवड्यात.

सुताराने मुठीचा वरचा स्क्रू काढला, फुंकर मारली, कापडाने पुसला आणि परत जागेवर बसवला. मग खालचा काढला. तोही पुसला, तोही बसवला. मग पुन्हा वरच्याला हात घातला.

मोठ्याबाईंची नजर अजून शाबूत होती. इतका वेळ त्या सुताराच्या हातांकडे पाहत होत्या, आता त्यांनी दाराकडे पाहिले. मूठ फिरत होती. फिरवली की खटका आत जातो, तो 'टक्' असा आवाजही स्पष्ट येत होता. पट्टी अडली होती ती मुठीपाशी नव्हे. ती अडली होती हातभर वर, छातीच्या उंचीवर, जिथे अडण्यासारखे काही असायला नको होते.

मग त्यांना आठवले. ही खोली एके काळी भाडेकरूला दिली होती. त्या गृहस्थाने हट्टाने आतून कडी लावून घेतली होती, आणि ती लावली होती याच सुताराच्या बापाने. भाडेकरू गेला, खोलीत पातेली आली, चादरी आल्या, आणि कडी सगळ्यांच्या विस्मरणात गेली. निदान मोठ्याबाईंना तसे वाटत होते.

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. इतक्या वेळात आतून एकदाही कोणी दार वाजवले नव्हते. अडकलेले माणूस दार वाजवते.

नात मोबाइल घेऊन भिंतीला टेकून उभी होती. मोठ्याबाईंनी तिला पाणी आणायला सांगितले, आणि ती वळल्यावर आवाज खाली आणून विचारले,

"काय बिघडलंय?"

सुताराने स्क्रू बोटांत फिरवला. "दार चांगलं आहे, आई."

"मग हे काय चाललंय तुझं?"

"मघाशी कान लावला होता ना मी दाराला, तेव्हा ताई आतून बोलल्या." तो थांबला. "सावकाश करा म्हणाल्या."

मोठ्याबाईंचा चेहरा ताठ झाला. अख्ख्या घराला दाराबाहेर तिष्ठत ठेवून बाईसाहेब आत बसल्या होत्या, आणि रात्री घरात एवढी माणसे जेवायला यायची होती.

"मला नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "परक्याला सांगितलं."

"परक्याला 'बरं' म्हणावं लागत नाही, आई."

त्यांनी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने मान खाली घातली. मग खुर्चीच्या हाताला रेटा देऊन त्या उठल्या. त्यांची थाप घरात सगळे ओळखत. हातातल्या पाटलीसकट ती दारावर पडली की झोपलेला उठे आणि बोलणारा गप्प होई. त्यांनी हात उचलला.

आतून आवाज येत होता. इतका बारीक, की दाराला खेटून उभे राहिल्यावाचून ऐकू येऊ नये. मोठ्याबाईंना आधी तो कळलाच नाही, कारण तो त्यांनी पूर्वी ऐकलेला नव्हता. सून घोरत होती. मोठ्याने नव्हे; दमलेले माणूस गाढ झोपेत श्वास टाकते तसे, मध्येच अडखळत. ही मुलगी रात्री सगळ्यांच्या नंतर अंथरुणाला पाठ लावी आणि सगळ्यांच्या आधी उठे. तिला झोपलेली घरात कोणी पाहिली होती का, हे मोठ्याबाईंना आठवेना.

उचललेला हात त्यांनी तसाच खाली आणला आणि क्षणभर दारावर पालथा ठेवला.

"आई, झालं का?" मुलगा स्वयंपाकघरातून येत म्हणाला. "नाही तर मी पहार—"

"कुलूप पार गेलंय," मोठ्याबाई म्हणाल्या. "नवीन बसवावं लागेल. याच घाटाची पितळी मूठ हवी, दुसरी चालायची नाही. नदीपलीकडच्या जुन्या बाजारात मिळते. तू जा आणि घेऊन ये."

"पार नदीपलीकडे? इथे कोपऱ्यावर—"

"कोपऱ्यावर भंगार मिळतं."

सुतार खाली बघून स्क्रू पुसत राहिला. मुलगा गाडीची किल्ली शोधत गेला. ती कुठे असते हे विचारायला दारापाशी वळला, आणि आईचा चेहरा पाहून तसाच पुढे निघाला.

नात पाणी घेऊन आली. मोठ्याबाईंनी तिला आजोबांना उठवायला सांगितले. नानांनी बसल्या जागी कांदे चिरावेत आणि तिने कुकर लावावा. कुकर लावायला येत नाही, असे ती म्हणाली. मग आजोबांना विचार, त्यांनाही येत नाही, दोघे मिळून शिका, असे मोठ्याबाईंनी सांगितले. मग लेकीला फोन लावला. आमच्याकडे दाराचे काम निघाले आहे, तेव्हा भात तेवढा इथे होईल, बाकीचे सगळे तू करून घेऊन ये. पलीकडून काही कुरकुर आली असावी. "माझी लेक आहेस ना, मग हात चालव," एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला.

त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. स्वयंपाकघरातून भांडे पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ नानांचे पुटपुटणे. सुतार कसल्याशा हुकुमाची वाट पाहत होता.

"थांबलास का?" त्या म्हणाल्या. "काम चाललंय असं वाटायला नको? ठोक काहीतरी."

त्याने हातोडी उचलली.

"हळू," त्या म्हणाल्या.

सुताराने खांद्यावरचे फडके फळीच्या एका तुकड्याला गुंडाळले, फळी मांडीवर घेतली आणि तिच्यावर हातोडी टाकत राहिला. ठक्, मग बऱ्याच वेळाने पुन्हा ठक्. दारापुढच्या बोळात उन्हाचा एक पट्टा होता, तो सरकत भिंतीवर चढला. मोठ्याबाईंची मान एक-दोनदा छातीवर आली. दोन्ही वेळा त्यांनी ती सरळ केली आणि कोणी पाहिले तर नाही ना, अशी नजर फिरवली. सुतार फळीकडे पाहत होता.

ऊन जाऊन बोळ करडा झाला, तेव्हा आतून लोखंडावर लोखंड सरकल्याचा आवाज झाला. कोणीतरी श्वास धरून सरकवावे तसा. मग मूठ फिरली.

सून दारात उभी राहिली. गालावर चादरीची घडी उमटली होती आणि केस एका बाजूला चपटे झाले होते. तिने सुताराकडे पाहिले, त्याच्या मांडीवरच्या फळीकडे पाहिले आणि मग सासूकडे. ती काही तरी बोलायला गेली, आणि तिच्या तोंडून नेहमीचेच बाहेर पडले.

"आई, कुकर..."

"लावलाय. करपलाही असेल." मोठ्याबाईंनी तिच्यावरची नजर काढून दाराकडे वळवली. "दार आत्ताच उघडलं. फार अडकलं होतं. जा, तोंड धू."

सून पातेली न घेताच न्हाणीघराकडे गेली, आणि तिथली कडी लागल्याचा आवाज बोळात नीट ऐकू आला.

सुताराने हत्यारे पिशवीत भरली. मूठ आली की उद्या बसवून देतो म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

"कुठे निघालास?" मोठ्याबाई म्हणाल्या. "माझ्या खोलीचं दार राहिलं."

"त्याला काय झालंय?"

त्यांनी बोळाच्या दोन्ही टोकांकडे पाहिले. कोणी नव्हते. मग त्या भिंतीला धरत स्वतःच्या खोलीपर्यंत गेल्या, दार लोटले आणि आतल्या बाजूने त्याच्या कडेवर, आपला हात सहज पोचेल तिथे, बोट ठेवले.

सुतार पाहत राहिला. मग कानावरची पेन्सिल काढून त्याने त्या बोटाशेजारी एक बारीक खूण केली.

"मोठी लावू की लहान?"

"कशीही लाव," त्या म्हणाल्या. "आवाज होता कामा नये."