माझा भोंगा आणि त्र्याऐंशी माणसं

मित्रांनो, मी जहाज आहे आणि चांगलंच जुनं आहे. वय विचारू नका, माझं मलाच नीट आठवत नाही. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका छोट्या गोदीत थंडीनं हात बधिर झालेल्या कारागिरांनी माझे पत्रे जोडले. मग तीस वर्षं मी मासे धरले. पोट भरून बंदरात परतताना माझा भोंगा वाजे आणि धक्क्यावर बायकापोरं धावत येत. त्या भोंग्याचा मला भारी गर्व होता. पुढे मासे कमी झाले आणि मला धक्क्याला बांधून ठेवलं. आठ वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. समुद्रपक्षी तेवढे येत, तेही घाण करायला!

मग हॅनोव्हर-बर्लिनकडची काही माणसं आली. त्यांनी मला घासलं, मासे ठेवायच्या जागी दवाखाना केला आणि मला भूमध्य समुद्रात नेलं. तिथं घरदार सोडून पळालेली माणसं रबरी होड्यांतून समुद्र ओलांडतात आणि कित्येकदा बुडतात. त्यांना वाचवायचं, हे माझं नवं काम.

या कामाचा एक नियम आहे. मी लांब थांबायचं. आधी आमची छोटी बोट जाऊन लाइफ जॅकेटं वाटते. मोठं जहाज जवळ आलं की होडीतली माणसं आशेनं उठतात, एका बाजूला झुकतात आणि होडी उलटते.

गेल्या मे महिन्यात एका सकाळी त्र्याऐंशी माणसांची होडी दिसली. छोटी बोट घेऊन देवश्री निघाली. ती हॅनोव्हरला जन्मलेली, मराठी आईबापांची नर्स. माझ्या सुकाणूपाशी उभा होता शिरीष, जर्मनीतल्या उंटरश्लाइसहाइम गावच्या सॉफ्टवेअर कंपनीतून रजा काढून आलेला. त्याची पहिलीच फेरी. होडीतली एक बाई तान्हं बाळ उंच धरून मदत मागत होती. शिरीषला राहवलं नाही. "आलो, आलो!" म्हणत त्यानं भोंगा वाजवला. खरं सांगू? मलाही तेव्हा बरंच वाटलं.

होडीतली सगळी माणसं ताडकन उभी राहिली. होडी कलली, पाणी आत शिरलं.

"अरे देवा! काय करून बसलो मी हे!" शिरीष ओरडला.

वॉकीटॉकीवर देवश्रीचा आवाज आला. एरवी मराठीला जर्मनमध्ये उत्तर देणारी ती पोरगी चक्क मराठीत म्हणाली, "शिरीषदादा, भोंगा बंद! कुणी ओरडू नका." मग तिनं जे केलं ते पाहून मी थक्क झालो. ती आपल्या बोटीच्या तळाशी मांडी घालून बसली. तिचे दोघे सोबतीही बसले. भर समुद्रात, अगदी निवांत!

बाळाच्या आईनं ते पाहिलं आणि ती बसली. शेजारची आजी बसली. मग एकेक करत सगळे. पाणी घोट्यापर्यंत, दात वाजतायत, तरी त्र्याऐंशी माणसं एकमेकांना धरून गप्प बसून राहिली. होडी सावरली. मी वादळं पाहिली आहेत, देवमासे पाहिले आहेत. पण माणसांचा असा धीर कधी पाहिला नव्हता.

जॅकेटं वाटून झाल्यावर मी जवळ गेलो आणि दोरीची शिडी खाली सोडली. सगळ्यांत आधी बाळ शिरीषच्या हातात आलं. "चुकलो रे बाळा," म्हणत तो ढसाढसा रडला.

"गेनाऊ, अगदी बरोबर, चुकलास," मागोमाग चढलेली देवश्री म्हणाली. "आता ब्लँकेटं दे."

शेवटी राहिली ती आजी. सगळे चढल्याशिवाय ती हलायलाच तयार नव्हती. ती अर्ध्यावर आली आणि शिडीची एक दोरी तुटली. खाऱ्या पाण्यानं आतून कुजली होती, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आजी लोंबकळली. शिरीषनं झेप घेऊन तिचं मनगट धरलं, देवश्रीनं शिरीषला धरलं, आणि दोघांनी मिळून तिला वर ओढलं. माझ्या डेकवर पाय टेकल्यावर आजीनं आधी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मगच डोळे मिटून सुटकेचा श्वास सोडला.

मित्रांनो, सध्या मी दुरुस्तीसाठी जर्मनीत आलोय. मला रंग नाही लावलात तरी चालेल. फक्त दर फेरीआधी माझ्या सगळ्या दोऱ्या हातानं ओढून पाहा. त्यांना धरून कुणाची तरी आजी वर येणार असते.