पहिल्यांदा नको म्हणायचं

निपाणीत कुणाच्या घरी गेल्यावर चहा विचारल्याबरोबर ‘हो’ म्हणणाऱ्याला चहा मिळतो, नाही असं नाही. पण त्याची पाठ फिरली की मागं चार बायका तोंडाला पदर लावून हसतात. पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं. दुसऱ्यांदा ‘कशाला उगीच’ म्हणायचं. तिसऱ्यांदा अगदी नाइलाज झाल्यासारखं ‘बरं, अर्धा कप’ म्हणायचं, आणि मग घरधनिणीनं काठोकाठ भरलेला कप आणून ठेवायचा. हे कुणी कुणाला शिकवत नाही, पोरं बघून बघूनच शिकतात. त्रिशलानं मात्र आपल्या भावाला ते बसवून शिकवलं होतं, आणि चांगलं घोटून घेतलं होतं.

भाऊ म्हणजे अभिनंदन, छत्तिशीचा. आईवडील गेल्यापासून घरात दोघंच. त्रिशला हायस्कुलात शिकवायची आणि तो एका छापखान्यात बाइंडिंगचं काम करायचा. कामाला चोख, पण माणसांत बसवला की पंचाईत. समोरच्याकडं बघायचा नाही, गप्पांत कधी शिरायचं ते त्याला उमगायचं नाही, आणि जे विचारलं त्याचं खरंखुरं उत्तर देऊन मोकळा व्हायचा. लहानपणी सगळ्यांनी तऱ्हेवाईक म्हणून सोडून दिलं. ऑटिझम हा शब्द घरात आला तो त्याची तिशी उलटल्यावर, बेळगावच्या एका समुपदेशक बाईंकडून.

त्या बाईंनी त्रिशलाला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. रोजच्या प्रसंगांची घरी तालीम करून घ्या, म्हणजे त्याला बाहेर धास्ती वाटणार नाही. आणि त्याच्या जवळच्या माणसांना सांगून ठेवा, की ह्याच्याशी आडून बोलू नका, काय ते सरळ बोला आणि त्याचंही नीट विचारून घ्या. पहिली गोष्ट त्रिशलानं मनावर घेतली. दुसरी मात्र उद्यावर टाकली, आणि तो उद्या काही उजाडला नाही. गल्लीत जाऊन ‘आमच्या अभिला असं असं आहे’ म्हणायचं, ह्या नुसत्या कल्पनेनं तिच्या अंगावर काटा यायचा. पोरांना विज्ञान शिकवणारी बाई ही!

तालमीला निमित्तही तसंच झालं होतं. चिकोडीच्या मावशीकडं बारसं होतं. ‘लाडू वाढू का?’ म्हटल्यावर अभिनंदन ‘हो’ म्हणाला, परत ‘हो’ म्हणाला, आणि पातेलं रिकामं झाल्यावर ‘आत अजून असतील’ म्हणाला. मावशी सगळ्यांदेखत बोलली, “त्रिशला, घरात पोटाला घालतीस न्हवं ह्याला?” सगळी पंगत हसली. अभिनंदनही हसला, कारण बाकीचे हसत होते. त्रिशलाला ते हसणं परतीच्या बसमध्येही सहन होईना.

मग घरातच पाहुणा-पाहुणा सुरू झालं. “कुणी काही देऊ केलं, कुठं बोलावलं, की पहिल्यांदा काय म्हणायचं?” “नको.” “आणि तिसऱ्यांदा?” “बरं.” पुढच्या लग्नात त्यानं हे असं बिनचूक वठवलं, की त्याच मावशीनं ‘किती सुधारला गं’ म्हणून तोंडभरून कौतुक केलं. त्रिशलाला तेव्हा कोण अभिमान वाटला!

ह्या सगळ्याला दोन वर्षं झाली आणि एका रविवारी, उन्हं उतरताना, निशा दारात आली. कोपऱ्याला कुंकू लावलेली लग्नपत्रिका तिच्या हातात होती.

निशा पूर्वी त्याच छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी करायची. दुपारी दोघं मागच्या पायरीवर आपापला डबा खायची. तो बोलला नाही तरी तिचं काही अडायचं नाही. पत्रिकेचा रंग कसा वाटतो विचारलं की तो म्हणायचा, “घाण”, आणि ती हसत हसत बदलायची. त्रिशलानं हे लांबून पाहिलं होतं आणि मनात मांडे खाल्ले होते. पण दिवाळीच्या आधी निशाला कोल्हापुरात नोकरी लागली, ती गेली, आणि मांडे मनातच राहिले.

अभिनंदन उंबऱ्याशी बसला होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. दिवाळीपासून दर रविवारी तो असाच बसायचा. त्रिशलाला वाटायचं, चला, नीटनेटकं राहायची सवय लागली. तो उठून निशाच्या मागोमाग आत आला आणि समोरच्या खुर्चीवर बसला.

त्रिशलानं पत्रिका हातात घेतली. नवरीच्या जागी निशाचंच नाव होतं. तरी ती थट्टेवारी नेत म्हणाली, “निशा, आमच्या मनात दुसरंच हुतं गं.”

“माझ्या बी मनात तेच हुतं, आक्का,” निशा म्हणाली. “म्हणून तर जाताना ह्याला विचारलं. लग्न करू या, माझ्याबरोबर कोल्हापूरला येतोस का, असं सरळ विचारलं. नको म्हणाला.”

त्रिशलानं पत्रिका खाली ठेवली.

“आमच्या घरात साध्या गोष्टीला धा येळा मागं लागत्यात,” निशा सांगत होती. “ह्याचं तसं न्हाय. ह्याचं नको म्हंजे नको. मला तेच लई आवडायचं. म्हणून परत न्हाय विचारलं. कशाला त्याला तरास?”

“अभि,” त्रिशला वळली. “तुला जायचं न्हवतं?”

“जायचं हुतं.”

“मग नको का म्हणालास रं?”

“तिनं बोलावलं. पहिल्यांदाच विचारलं हुतं,” तो भिंतीकडं बघत म्हणाला. “पहिल्यांदा नको म्हणायचं. मी दुसऱ्यांदाची वाट बघतोय.”

त्रिशलाला एकदम ते सगळे रविवार दिसले, तो पांढरा शर्ट, तो उंबरा. ती दर रविवारी त्याच्या मागून ये-जा करत होती, आणि एकदाही तिनं विचारलं नव्हतं, कुणाची वाट बघतोस म्हणून. तिला स्वतःची शिसारी आली.

“आता विचार,” अभिनंदन निशाला म्हणाला.

निशाचे डोळे भरले. “आता न्हाय रं विचारता येत. साखरपुडा झालाय. माणूस चांगला हाय, मी शब्द दिलाय त्याला.”

“बरं,” अभिनंदन म्हणाला.

“चूक माझी हाय गं,” त्रिशला म्हणाली. “मीच त्याला तसं शिकवलं. चारचौघांत कुणी हसू नये म्हणून.”

“मला एका शब्दानं तरी सांगायचं हुतं, आक्का,” निशा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्रिशलाला जास्त लागलं. “शंभरदा विचारलं असतं मी.”

निशानं डोळे पुसले आणि ती उठली. काहीतरी म्हणायचं म्हणून त्रिशला म्हणाली, “चहा तरी घेऊन जा.”

“नको, आक्का.”

“घे की,” अभिनंदन म्हणाला.

“कशाला उगीच,” निशा म्हणाली, आणि तिचा हुंदका फुटला.

“दिवस मावळायच्या आत घे. मावळल्यावर आमच्या जैनांत काही घेत न्हाईत,” तो म्हणाला. पाहुण्याला तिसऱ्यांदा आग्रह करताना म्हणायचं हे वाक्य त्रिशलानंच त्याच्याकडून बसवून घेतलं होतं.

निशा परत खाली बसली. “बरं,” ती म्हणाली. “अर्धा कप.”

अभिनंदन आत गेला. पातेल्याचा आवाज आला, गॅस पेटला. थोड्या वेळानं आतून त्याचा आवाज आला, नेहमीसारखा, धडा विचारणाऱ्या पोराचा.

“आक्का, एकदाच विचारत्यात अशा गोष्टी कुठल्या कुठल्या? ते शिकवायचं राहिलंय तुझं.”