आडनावाची गादी

रविवारी सकाळी कुसाकाबेंच्या बैठकीत नेहमीसारखी माणसं जमली होती. कुणाला नदीवर पूल हवा होता, कुणाला मुलाची बदली. चिझुरू सगळ्यांना चहा आणि मुळ्याचं लोणचं देत होती, आणि देता देता कामंही मार्गी लावत होती. वडील शिगेयुकी तोक्योला संसदेत बसत. मतदारसंघातल्या लग्नामयताला जाई ती ही लेक.

संसदेत तरी साहेबांनी काय केलं? एकाच प्रश्नावर जन्मभर खिंड लढवली. नवराबायकोला आपापली आडनावं ठेवू द्यावीत, असा प्रस्ताव आला की साहेब उठलेच! "एका घराला एकच आडनाव. नाहीतर घर फुटेल." कायदा म्हणतो, दोघांपैकी कुणाचंही घ्या. बदलावं लागतं ते बहुतेक बाईलाच. चिझुरूही लग्नानंतर हामाजी झाली.

यंदा साहेबांना अर्धांगाचा झटका आला आणि निवडणूक तोंडावर आली. माणसं पांगल्यावर समर्थक मंडळाचे अध्यक्ष ओनोदेरा घसा खाकरून म्हणाले, "गादी रिकामी ठेवून भागायचं नाही. जावईबापूंना रीतीप्रमाणे दत्तक घेऊन घराण्याचं आडनाव द्या. कुसाकाबे ताकुमा! नुसतं नाव वाचून मतं पडतील."

"त्यांना इथला एक रस्ता तरी ठाऊक आहे का?" चिझुरूने विचारलं.

"तू आहेस ना शिकवायला!"

बँकेतून रजा काढून आलेला ताकुमा खाली मान घालून बसला होता. माणूस वाईट नव्हता, पण मोठ्यांपुढे बोलणं त्याच्या जिवावर येई.

"आणि मीच उभी राहिले तर?"

ओनोदेरा हसले. "पोरी, हामाजीला इथं कोण विचारतो? आणि नवरा दत्तक आला की तुलाही माहेरचं नाव परत मिळतंय. आणखी काय हवं?"

"उमेदवाराची बायको म्हणून मिळतंय, काका."

"अगं, बायकोच तर निवडून आणते! शेवटच्या सभेत मतदारांपुढे गुडघे टेकायचे, कपाळ जमिनीला लावायचं. तुझ्या आईने दर खेपेला लावलंय."

चीड येते ती याचीच. जिने राबायचं तिनेच कपाळ घासायचं, आणि जो कधी फिरकला नाही त्याने हार घालून मिरवायचं. वर याला परंपरा म्हणायचं!

"मी हामाजी चिझुरू म्हणूनच उभी राहणार," ती म्हणाली. "अपक्ष."

"प... पडशील," कोपऱ्यात टेकून बसलेल्या साहेबांची जीभ जड झाली होती. "हे नाव... परकं."

"तुम्हीच जपलेल्या कायद्याने दिलंय, बाबा."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. "समजाव... तिला."

फुमिए शांतपणे म्हणाली, "मी गुडघे टेकले, लोक रडले, तुम्ही निवडून आलात. घरी आल्यावर 'दुखलं का गं' एवढं तरी कधी विचारलंत?" मग ती लेकीकडे वळली. "माझं मत तुला. फक्त ते मागायला वाकू नकोस."

चिझुरू पडेलही. मग ओनोदेरा म्हणतील, बघा, बाईला कोण मत देतं! आणि ते न देणारे आम्हीच असू, तिच्या हातचा चहा पिऊन कामं करून घेणारे.