कापसाच्या खोलीपलीकडे

देवीलालनं वायरचं भेंडोळं उचललं अन् उंबऱ्यावरून थेट अंगणात भिरकावलं. कोंबड्या कलकलाट करत पळाल्या.

"कापसातून वायर जाणार नाई. सांगून ठेवतो."

"बा, तिच्यात करंट नसते!" उर्वशी रडकुंडीला आली होती. "ही इंटरनेटची वायर हाय. हात लावा, काईच होत नाई."

"वायर म्हणजे वायर. मारेगावकडं म्या डोळ्यानं पाह्यलं, एका ठिणगीत घरभर कापूस गेला. भिंती तेवढ्या उरल्या. मले नको शिकवू."

घर म्हणजे एकामागं एक तीन खोल्या. पुढच्या खोलीत इंटरनेटवाल्यानं डबा ठोकून दिलेला, त्याच्यात येणारा काचेचा धागा इतका नाजूक की डबा हलवायचं नाव काढायची सोय नाही. मागच्या खोलीत दादीची, म्हणजे सुखीबाईची, खाट. अन् मधली खोली? ती डिसेंबरपासून कापसानं भरलेली. दोन्ही दारांना छातीपर्यंत फळ्या लावलेल्या अन् त्यांच्या मागं पांढरा डोंगर, वर टिनाला हातभर जागा सोडून. भाव चढेस्तोवर तो तिथंच. मागं जायचं तर बाहेरून, गोठ्याला वळसा घालून. पोट्ट्यांनी कापसावर नुसती उडी मारली तरी देवीलाल म्हणायचा, "टांग तोडून हातात देईन."

बाहेरून वायर न्यायचाही प्रयत्न झाला होता. बकऱ्यांनी ती एका दुपारीच चावून टाकली.

कॉम्प्युटर मात्र दादीच्या खाटेशीच पाहिजे होता. घाटंजीचा क्लास बंद पडला तेव्हा तिथल्या सरांनी तो उर्वशीला देऊन टाकला. वाकळीत गुंडाळून, मोटरसायकलवर मांडीत धरून तिनं तो तांड्यावर आणला. चांगला मोठा पडदा, वर चिमट्यानं बसवायचा कॅमेरा. तिनं तो पाहिला अन् तिच्या डोक्यात एकच गोष्ट आली, जमनीआजीचं तोंड या पडद्यावर किती मोठं दिसेल!

कारण फोनवर ते दिसतच नव्हतं. सुखीबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. पावसाळ्यात पडली, खुबा मोडला, तेव्हापासून खाटेवर. तिची बहीण जमनी तिकडं गोव्यात, पोराकडं, भारतकडं, लकव्यानं आडवी. अन् दोघींचा एकुलता भाऊ उकंडा दसऱ्याच्या सुमारास गेला. मातीला ना ही जाऊ शकली ना ती.

तेव्हापासून दोघी बोलल्याच नव्हत्या. भांडण नाही, काही नाही. पण घरचं माणूस गेल्यावर तांड्यातली बाई बहिणीला पहिल्यांदा भेटते तेव्हा 'कशी हायेस' म्हणत नाही. गळ्यात पडते, दोघींच्या डोक्यांवर एकच ओढणी घेते अन् गाऊन रडते. एकीनं ओळ सोडायची, दुसरीनं उचलायची. तो ढावलो झाल्याशिवाय बाकीचं बोलणं सुरूच होत नाही. भारत फोन लावायचा अन् सुखीबाई तो कानापासून दूर सारायची.

"तिचं तोंड नाई दिसत, गळा नाई सापडत. कोणाच्या गळ्यात पडू वं? या डबीच्या?"

अन् परवा भारत हळूच म्हणाला होता, "माय दोन दिसांपासून जेवून नाई राह्यली, उर्वशी. काई कर."

म्हणून ही सगळी धडपड.

उर्वशीनं अंगणातलं भेंडोळं उचललं, खुंटीला अडकवलं अन् घाटंजीची बस धरली. परत आली तेव्हा तिच्या मुठीत एक काळा तुकडा होता. नखापेक्षा जरासा मोठा. मोबाइल दुकानातला घनश्याम म्हणाला होता, हे कॉम्प्युटरच्या मागं खोच, वायर नको न् काई नको, हवेतूनच पकडते.

"हे?" तिची आई शीला हसायलाच लागली. "माय वं! याच्यापेक्षा मोठी तर माही नथ हाय."

देवीलालनं तुकडा उलटापालटा करून पाहिला. "अन् कापूस? दादी तिकून ओरडते तं इकडं आयकू येत नाई. ताट वाजवते बिचारी, तेही नाई. कापसात आवाज बुडते पोरी. तुह्यं हे कुठून जाईन?"

उर्वशीला तरी कुठं माहीत होतं?

तिनं तुकडा खोचला. काहीच नाही. पडदा म्हणाला, हे काय आहे ते मला ओळखू येत नाही. त्याला चालवणारं सॉफ्टवेअर पाहिजे अन् ते इंटरनेटवरून घ्यावं लागतं. म्हणजे इंटरनेट आणायला आधी इंटरनेट! ती कपाळाला हात लावून बसली. मग एकदम उठली, गोठ्याला वळसा घालून पुढं पळाली.

"बा, तुमचा फोन द्या."

"कायले?"

"द्या ना! आत्ता आणून देते."

तिनं फोन चार्जिंगच्या वायरीनं कॉम्प्युटरला जोडला, फोनचं नेट कॉम्प्युटरला दिलं, सॉफ्टवेअर उतरवलं. तेवढ्यातच फोनचं त्या दिवसाचं नेट संपलं. तिनं पळत जाऊन फोन परत बापाच्या हातात दिला. धापा टाकत मागं आली.

काळ्या तुकड्यावर निळा दिवा लागला होता.

लुकलुकत होता. घरच्या इंटरनेटचं नाव पडद्यावर आलं. तिनं पासवर्ड टाकला अन् जोडलं गेलं! ती वळली अन् फळ्यांवरून कापसाकडं बघत राहिली. पांढरा, गप्प डोंगर. ह्याच्यातूनच येत होतं सगळं, आत्ता, या घडीला. अन् एक तंतू हलत नव्हता. तिनं हात पुढं केला, कापसावर ठेवला. गार लागला, बस. आपल्या हातातूनही जात असेल का, असं वाटून तिनं हात मागं घेतला अन् पुन्हा ठेवला.

"काय झालं वं?" सुखीबाईनं विचारलं.

"दादी, उठून बस. जमनीआजी येऊन राह्यली."

मागं उशा लावल्या, स्टूल खाटेला भिडवलं. घंटी वाजली, पडदा उजळला अन् जमनी आली. ताटाएवढं तोंड! हनुवटीवरचं गोंदण, एका बाजूला ओढलेला ओठ, पांढरे केस, सगळं. सुखीबाई पुढं झुकली. डोळे बारीक केले. बोटानं काचेवरचं ते गोंदण चाचपलं.

"जमनी?"

"बाई," तिकडून आलं. तुटकं, पण आलं.

उर्वशी बाजूला सरकली. आता बघतील एकमेकींकडं, पोटभर बघतील. त्यासाठीच तर एवढं केलं.

सुखीबाईनं काय केलं, तर दोन्ही हातांनी पडदा कवटाळला, कपाळ काचेला लावलं अन् ओढणी ओढून स्वतःच्या डोक्यावर घेतली अन् कॉम्प्युटरच्याही डोक्यावर. कॅमेरा झाकला गेला. सगळंच झाकलं गेलं.

"दादी! अवं दादी, तिले दिसत नाई आता!"

उर्वशीनं ओढणीचं टोक धरलं अन् तिथंच थांबली. आतून सूर निघाला होता. 'वीरेणाऽऽ' लांब, खोल, पोटातून. भावाला मारलेली हाक. सूर संपला. मग ओढणीखालूनच दुसरा आवाज आला, फाटका, एका बाजूनं निसटणारा, पण ओळ बरोबर तिथूनच उचलणारा.

उर्वशीच्या हातातून टोक सुटलं.

एक ओळ इकडून, एक तिकडून. खाट कुरकुरत होती, सुखीबाई झुलत होती, तिच्याबरोबर पडदाही झुलत होता. उर्वशी स्टूल धरून खाली बसली. तिला वाटलं, ही खोली कुठवर पसरली असेल आता?

तेवढ्यात फळ्यांमागं काहीतरी धडपडलं. टिनाखालच्या हातभर जागेतून आधी एक हात आला, मग डोकं. देवीलाल. गोठ्याचा वळसा न घेता तो सरळ कापसावरून सरपटत आला होता. फळीवरून खाली कोसळला, उभा राहिला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. हातात फोन.

"बुडीले काय झालं?" त्याचा श्वास लागला होता. "भारत म्हणते, पडद्यावर अंधार हाय, नुसतं रडणं आयकू येते. मी भिंतीपलीकडं बसून हाव अन् मले गोव्याहून..."

त्यानं ओढणीखालची दोन डोकी पाहिली. एक त्याच्या आईचं, एक चौकोनी. त्यानं स्टुलाखाली पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, कापसातून आलेली वायर शोधत. तशी वायर नव्हती. नुसता निळा दिवा.

"हॅलो, देवीभाऊ?" फोनमधून भारत विचारत होता. "ठीक हाय ना सगळं?"

देवीलालनं फोन बंद केला नाही. तो खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर टेकला. अंगावरचा कापूस झटकायचं त्याला सुचलं नाही अन् उर्वशीनंही सांगितलं नाही.

सुखीबाईनं नवी ओळ सोडली. ती आधी खाटेवरून आली. मग एका श्वासाच्या अंतरानं, गोव्याला जाऊन फिरून, त्याच्या मुठीतल्या फोनमधून पुन्हा आली. देवीलालनं मूठ उचलून कानाशी धरली.